भिंतीला आधी हात कोणाचा?

22.46 आणि 22.47.

हे दोन आकडे नीट बघा. 2018 साली इंडोनेशियात जाकार्ताला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात पुरुषांच्या 50 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे पोहत होता. जपानच्या शुनिची नाकाओने 22.46 सेकंदांत भिंत गाठली, त्याला ब्राँझपदक मिळालं. वीरधवलला 22.47 सेकंद लागले. तो चौथा आला. पदक आणि रिकामे हात यांच्यात फक्त एक शतांश सेकंद होता! म्हणजे एका सेकंदाचे शंभर तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा. तुमची पापणी एकदा मिटून उघडते ना, तेवढ्या वेळात असे दहापेक्षा जास्त तुकडे मावतात.

वीरधवलसाठी आपला जीव हळहळतो, ते साहजिकच आहे. पण हळहळून झालं की एक प्रश्न पडायला हवा. त्या तलावात आठ जण हातपाय मारत होते, पाण्याचा नुसता फेस झाला होता, लाटा उसळत होत्या. अशा खळबळीत कोणाचा हात पाण्याखाली भिंतीला आधी लागला, हे एवढं अचूक कोणी पाहिलं?

कोणीच पाहिलं नाही. ते भिंतीनेच सांगितलं.

भिंत बोलायला कशी लागली, याची गोष्ट 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये सुरू होते. तिथे 100 मीटर फ्रीस्टाइलची शर्यत झाली आणि तिच्या निकालावरून असा काही गोंधळ झाला, की अजून त्याची चर्चा होते. तेव्हा प्रत्येक लेनच्या टोकाला तीन-तीन माणसं स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. त्यांच्याशिवाय आणखी काही पंच असायचे. घड्याळाकडे न बघता, नुसत्या डोळ्यांनी पाहून पहिला कोण आणि दुसरा कोण, हे त्यांनी ठरवायचं. शेवटच्या क्षणी ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला टेकले.

घड्याळं काय म्हणाली? डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांत 55.2 सेकंद. लार्सनच्या घड्याळांत 55.0, 55.1 आणि 55.1. म्हणजे लार्सन जिंकला, नाही का? थांबा. पहिला कोण हे बघणारे तीन पंच होते. त्यातले दोघं म्हणाले, डेव्हिट. दुसरा कोण हे बघणारेही तीन पंच होते. त्यातले दोघं म्हणाले, दुसरा आला डेव्हिट! सहा पंच, आणि मतं तीन विरुद्ध तीन. शेवटी मुख्य पंचांनी डेव्हिटच्या बाजूने कौल दिला. सुवर्णपदक डेव्हिटला गेलं आणि लार्सनची वेळ बदलून त्याच्याही नावापुढे 55.2 लिहिली गेली. अमेरिकेने दाद मागितली, पण निकाल काही बदलला नाही.

यात पंचांनी लबाडी केली असं मात्र मुळीच समजू नका. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूला ते कळायचं, मग अंगठ्याने बटण दाबायचं, यात माणसाचा साधारण दोन दशांश सेकंद सहज जातो. कोणाचा थोडा कमी, कोणाचा थोडा जास्त. त्यातून हात लागतो पाण्याखाली आणि पंच उभा असतो वर, काठावर. उसळत्या पाण्यातून खालचं नीट दिसणार तरी कसं? काम माणसाच्या आवाक्यातलंच नव्हतं.

मग अशी एक पाटी तयार झाली, की ती पोहणाऱ्याच्या हाताने स्वतःच घड्याळ थांबवेल. तिला म्हणतात टचपॅड. ओमेगा या स्विस कंपनीने ती 1967 साली कॅनडात विनिपेगला झालेल्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत आणली आणि पुढच्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ती भिंतींवर बसली.

टीव्हीवर शर्यत बघताना ही पाटी जरा निरखून बघा. ती 2.4 मीटर रुंद आणि 90 सेंटीमीटर उंच असते, म्हणजे जवळजवळ अख्खी लेन झाकते. त्यातली 30 सेंटीमीटर पाण्याच्या वर आणि 60 सेंटीमीटर पाण्याखाली. जाडी मात्र जेमतेम एक सेंटीमीटर! हात कुठेही लागो, वर लागो की खाली, मध्ये लागो की कोपऱ्यात, तिला कळलंच पाहिजे. आत काम चालतं ते दाराच्या बेलच्या बटणासारखं. दाबलं की आतले दोन भाग एकमेकांना टेकतात, विजेचं मंडल पूर्ण होतं आणि घड्याळाला खबर जाते. पाण्यात वीज म्हणून घाबरू नका. ती इतक्या कमी दाबाची असते, की तिच्यापासून कोणालाही धोका नसतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. बेलचं बटण कोरड्या भिंतीवर असतं. या पाटीवर दिवसभर लाटा आदळत असतात. शेजारच्या लेनमधला आधी पोचला, त्याची लाट इकडे येऊन थडकली आणि घड्याळ थांबलं, तर केवढा अनर्थ! म्हणून पाटी अशी बनवतात, की लाटेच्या पसरट धक्क्याला ती दाद देत नाही. माणसाच्या हाताचा दाब एका जागी पडतो, तो मात्र तिला लगेच कळतो. हा दाब साधारण दोन-तीन किलोंचा लागतो. म्हणजे नुसतं बोट टेकवून भागत नाही, पाटी ठासून दाबावी लागते. मोठे खेळाडू याचा वेगळा सराव करतात.

हे किती महत्त्वाचं आहे, ते 2008 साली बीजिंगला सगळ्या जगाने पाहिलं. 100 मीटर बटरफ्लायची शर्यत. सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता आणि अमेरिकेचा मायकेल फेल्प्स मागून येत होता. शेवटच्या मीटरभरात चाविचने हात पुढे लांबवले आणि तो तसाच भिंतीकडे सरकत गेला. फेल्प्सने त्याच वेळात आणखी अर्धा हात मारला आणि पाटीवर दोन्ही हात आदळले. फेल्प्स 50.58, चाविच 50.59! सर्बियाने तक्रार केली. सेकंदाला शंभर चित्रं टिपणारे कॅमेरे तिथे होतेच. ती चित्रं तपासली आणि निकाल कायम राहिला. टचपॅड असला तरी हे कॅमेरे लावलेले असतात आणि काठावर बटण घेऊन माणसंही बसलेली असतात. एक साधन चुकलं तर दुसरं हाताशी हवं ना!

हे झालं शर्यतीच्या शेवटाचं. आता सुरुवातीकडे या, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट तिथे आहे.

समजा, शर्यत सुरू करणारा पंच पहिल्या लेनच्या बाजूला उभा आहे. त्याने इशारा दिला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. वाटतो भलताच वेगवान! पण प्रत्येक लेन अडीच मीटर रुंद, म्हणजे पहिल्या लेनच्या खेळाडूपासून आठव्या लेनचा खेळाडू साडेसतरा मीटर लांब असतो. साडेसतराला 340 ने भागा बरं. उत्तर येतं 0.05 सेकंद. आठव्या लेनमधल्या बिचाऱ्याला इशारा पाच शतांश सेकंद उशिरा ऐकू येणार! आणि जाकार्तात पदक गेलं होतं ते एका शतांशाने. तेव्हा आवाजाच्या सुस्तपणावर पदकं सोडून कसं चालेल? म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक खेळाडूच्या पायाखालच्या ठोकळ्यापाशी त्याचा-त्याचा स्पीकर असतो. पंचाचा इशारा तारेतून विजेच्या रूपाने तिथवर पोचतो आणि सगळ्यांना एकदमच ऐकू येतो. ज्या खेळाडूंना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी त्याच क्षणी दिवा चमकवतात. शिवाय त्या ठोकळ्यालाही आपल्यावरच्या पायांचा दाब कळतो, त्यामुळे इशाऱ्याआधीच कोणी सूर मारला तर लपून राहत नाही.

बरं, जिंकलेल्या खेळाडूला आपण जिंकलो हे कसं कळतं? गॉगलवर पाणी, डोकं खाली, शेजारी कोण कुठे आहे याचा पत्ता नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ठोकळ्यांवर दिवे आले. पहिल्याच्या ठोकळ्यावर एक दिवा लागतो, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. आणि 1500 मीटरवाल्यांना तर तलावाच्या तीस फेऱ्या मारायच्या असतात, त्या मोजता मोजता विसरायला होणारच. त्यांच्यासाठी 2016 ला रिओमध्ये पाण्याच्या तळाशी आकडे दाखवणारे फलक बसवले. वळताना खाली नजर टाकली की झालं.

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी विचारेल, की घड्याळं एवढी चांगली असतील तर शतांशावरच का थांबायचं? सहस्रांश मोजा! सेकंदाचे हजार तुकडे करा, म्हणजे बरोबरी होणारच नाही.

तेही करून झालंय. 1972 साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मेडलेची शर्यत होती, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायचं. स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी एकदमच पोचले. फलकावर दोघांची वेळ सारखी दिसली, 4 मिनिटं 31.98 सेकंद. सगळे ताटकळले. मग घड्याळाच्या पोटातला पुढचा आकडा बघितला गेला. लार्सन 31.981, मॅकी 31.983. दोन सहस्रांशांनी सुवर्णपदक लार्सनच्या गळ्यात पडलं.

हा फरक पाण्यात केवढा होता, ते आपण काढू. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पोहणारा सेकंदाला जितके मीटर जातो, तितकेच सेंटीमीटर तो एका शतांशात जातो आणि तितकेच मिलिमीटर एका सहस्रांशात. हे दोघं 400 मीटर सुमारे 272 सेकंदांत पोहले, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड मीटर. एका सहस्रांशात दीड मिलिमीटर. दोन सहस्रांशांत तीन मिलिमीटर! चारशे मीटर पोहल्यावर तीन मिलिमीटर. पट्टी काढून बघा, केवढेसे असतात.

आणि इथे लोकांच्या मनात शंका आली. घड्याळ बरोबर होतं, पण तलाव?

तलाव बांधतात गवंडी. सिमेंट, टाइल, पत्रे यांतून भिंती उभ्या राहतात. कितीही काळजी घेतली तरी पन्नास मीटर लांबीची प्रत्येक लेन मिलिमीटरपर्यंत अगदी सारखी येणं फार अवघड. म्हणून नियमच असा आहे, की लेन पन्नास मीटरपेक्षा कमी मुळीच चालणार नाही, जास्त मात्र 3 सेंटीमीटरपर्यंत चालेल. मिलिमीटर नाही बरं का, सेंटीमीटर! खुद्द टचपॅडच्या जाडीतही 2 मिलिमीटर कमी-जास्त चालतात. मग लार्सनच्या आणि मॅकीच्या लेनमध्येच तीन मिलिमीटरचा फरक नसेल, हे छातीठोकपणे कोण सांगणार? कदाचित हरलेला जास्त अंतर पोहला असेल!

म्हणून पुढे जलतरणात ठरवून टाकलं, की निकाल शतांशापर्यंतच. त्यापुढे बरोबरी. आज घड्याळं सेकंदाचे दहा लाख तुकडे करू शकतात, तरीही जलतरणाच्या निकालात त्यांना तिसरा आकडा विचारायचा नाही. धावण्याच्या शर्यतीत मात्र बरोबरी झाली तर सहस्रांश बघतात, कारण तिथे शेवटची रेषा सगळ्यांना एकच असते. पाण्यात प्रत्येकाची भिंत वेगळी. मला हा निर्णय फार आवडतो. यंत्राला दिसतंय म्हणून ते खरंच असलं पाहिजे, असं या लोकांनी मानलं नाही. कोणी म्हणेल, 3 सेंटीमीटरची सूट असेल तर शतांशही तसा डळमळीतच की! शंका रास्त आहे. म्हणून तर मोठ्या स्पर्धेच्या तलावाची लेनवार मोजणी होते आणि मोजणी करणाऱ्या तज्ज्ञाचा दाखला लागतो.

यामुळे जलतरणात मजेदार निकाल लागतात. 1984 साली लॉस एंजेलिसला 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये कॅरी स्टाइनसायफर आणि नॅन्सी हॉग्सहेड या दोघींची वेळ 55.92 आली, दोघींनाही सुवर्णपदक मिळालं. 2016 मध्ये रिओला तर कमालच झाली. 100 मीटर बटरफ्लाय सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगने जिंकली आणि त्याच्या मागे फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ले क्लो आणि हंगेरीचा लास्लो चेह, तिघांचीही वेळ 51.14! तिघांना रौप्यपदक. ब्राँझ कोणालाच नाही.

घड्याळाला जशी मर्यादा घातली, तशी पुढे पोहण्याच्या कपड्यांनाही घालावी लागली. 2008 साली स्पीडो कंपनीने एलझेडआर रेसर नावाचा अंगभर पोशाख आणला. त्याचं कापड निवडायला ‘नासा’च्या प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या आणि शिवण घालण्याऐवजी ध्वनिलहरींनी तुकडे जोडले. मग इतर कंपन्यांनी त्याहून सरस, रबरासारखे पोशाख काढले. 2009 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम मोडले! पोहतंय कोण, माणूस की पोशाख, अशी ओरड झाली आणि 2010 पासून ते पोशाख बंद झाले. आता पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि महिलांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, तेही विणलेल्या कापडाचेच कपडे चालतात.

म्युनिकच्या त्या वर्षी, 1972 च्या ऑगस्टमध्येच, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत आणखी एक स्पर्धा झाली. हायडेलबर्गला दिव्यांग खेळाडूंचं पॅरालिंपिक भरलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तिथे पोहले. ते सैन्यात होते, बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग निकामी झालं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रम केला. पॅरालिंपिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्णपदक. तुमच्यापैकी काहींनी ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा पाहिला असेल, तो त्यांच्यावरच आहे. पाय न हलवता, फक्त हातांच्या जोरावर, सेकंदाला सव्वा मीटरहून जास्त! पोहणारा कोणीही भेटला तर त्याला विचारा, हे किती अवघड आहे ते.

ज्यांना दिसत नाही त्यांच्या शर्यतीत तर भिंतच मोठा धोका असते. जोरात येताना ती कळली नाही तर डोकं आपटेल, आणि आधीच हात आखडला तर वेळ जाईल. यावर उपाय अगदी साधा आहे. लेनच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा बसवलेला असतो. खेळाडू भिंतीजवळ आला की तो माणूस त्याच्या डोक्याला किंवा पाठीला हलकेच टोकतो. या माणसाला टॅपर म्हणतात. टोकायचं नेमकं कधी, हे ठरवायला दोघांना महिनोन्‌महिने एकत्र सराव करावा लागतो. अमरावतीची कांचनमाला पांडे अशीच पोहते आणि तिने 2017 मध्ये मेक्सिकोला जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर मेडलेचं सुवर्णपदक जिंकलं. तिच्या गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात. कारण कोणाला थोडासा उजेड कळतो, कोणाला तेवढाही कळत नाही. काळ्या गॉगलआड सगळे सारखे.

आता एक प्रयोग करायचा. या सुट्टीत मोठ्या माणसांबरोबर तलावावर जाल, तेव्हा एकाला 25 मीटर पोहायला लावा. तिघांनी आपापल्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं, पण एकमेकांकडे बघायचं नाही. वेळ आधी आपल्या कागदावर लिहायची, मगच तोंडाने सांगायची. तिघांच्या आकड्यांत किती शतांशांचा फरक पडतो ते बघा. मग 25 ला पोहणाऱ्याच्या सेकंदांनी भागा. उत्तर जितकं येईल, तितके सेंटीमीटर तो एका शतांशात पुढे जातो. त्याला तुमच्यातल्या फरकाने गुणा, म्हणजे तुम्हा तिघांच्या घड्याळांनी त्याला किती सेंटीमीटर पुढे-मागे केलं ते कळेल. तो आकडा मला जरूर कळवा.